कुरकुर की करकर

"कुरकुर की करकर, तेवढं नीट सांग," कपडे धुण्याच्या मशीनमागे उकिडवे बसलेले कानसेन म्हणाले.

"करकर," काकूंनी सांगितलं.

"म्हणजे पट्टाच." त्यांनी पाना उचलला.

म्हणजे त्यांनी कुरकुर ऐकलं होतं. कुरकुर म्हणजे पट्टा सैल. करकर म्हणजे पंपात काहीतरी अडकलंय. घरघर आली की मोटर. आणि धाडधाड म्हणजे चादरी एका बाजूला गोळा झाल्यात, उठून सारख्या करा, मेकॅनिकला कशाला त्रास. ही सगळी बाराखडी त्यांच्या नवऱ्याचीच. गिऱ्हाइकाने फोनवर आवाज काढून दाखवायचा आणि ह्यांनी इकडून रोग सांगायचा. एरवी शेजाऱ्यांशीही मोजकंच बोलणाऱ्या भारदस्त बायका फोनवर मन लावून खुळखुळ करायच्या. त्यातूनच कानसेन हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

दीड वर्षापूर्वी मात्र कानसेनांनी एकीची खरखर घरघर समजून धडधाकट मोटर उतरवली. बातमी पसरली, फोन मुका झाला. मग लेकीने कानात घालायचं यंत्र आणून दिलं. चार दिवस त्यांनी ते घातलं. पंधरा दिवसांमागे काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "दुरुस्तीला दिलंय." या माणसाने दुसऱ्याच्या हाती दुरुस्तीला दिलेली ही आयुष्यातली पहिलीच वस्तू! पण काकूंनी खोदून विचारलं नाही. ऐकू येत नाही हे त्यांनी कबूल केलं नव्हतं, आणि मला कळलंय हे काकूंनी. संसार असाही चालतो.

त्यात आता घरचंच मशीन बसलं. कोणीतरी भंगारात काढलेलं हे धूड कानसेनांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुटं करून, घासून, पुन्हा उभं केलं होतं. लेक त्यानंतरची, तिचे लंगोटसुद्धा त्यातच धुतले गेले. आज त्याच लेकीने फर्मान काढलं होतं : चार वाजता नवीन मशीन येईल, आणणारी माणसं जुनं घेऊन जातील, बाबांनी त्याआधी चालू केलं तर राहू दे. म्हणजे चारपर्यंत मशीन चालू झालं तर झालं, नाहीतर त्याच्याबरोबर कानसेनही भंगारात.

"करकर हो, करकर!" असं ओरडून सांगायचं काकूंच्या अगदी जिभेवर आलं. पण ओरडून सांगणं म्हणजे सांगूनच टाकणं. आणि हा गृहस्थ चाळीस वर्षांत कधी "काय म्हणालीस?" म्हणाला नव्हता. पूर्वी गरज नव्हती. आता तो चुकीचा अंदाज बांधील, पण विचारणार नाही.

म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि बघण्यासारखंच होतं ते. प्रत्येक स्क्रू निघाला त्या क्रमाने ताटलीत मांडला गेला. मोटरवरून टब आणि पंप दोन्हींना फिरवणारा पट्टा त्यांनी उतरवला, पेटीतला राखून ठेवलेला चढवला, अंगठ्याने दाबून त्याचा ताण पाहिला, नाक मुरडलं, केसभर सैल केला. एवढी देखणी दुरुस्ती, आणि नको त्या जागी!

बटण दाबलं. करकर तशीच. टबातलं पाणी मोरीत उतरलंच नाही. घड्याळात तीन वाजत आले होते.

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. "माझंच चुकलं," त्या सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या. "मी कुरकुर म्हटलं. करकर म्हणायला हवं होतं."

कानसेनांनी पाना खाली ठेवला.

"तू?" ते म्हणाले. "तू आवाजात चुकलीस?"

काकूंनी मान खाली घातली. खोटं बोलायची सवय नसली की ते असं अंगावर येतं.

कानसेनांनी पेटीतला सगळ्यांत लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मशीनमागे जाऊन त्याचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. हाताने खूण केली : चालू कर. काकूंनी बटण दाबलं. कानसेनांनी डोळे मिटले. पंपातली धडपड लोखंडातून दातांत, दातांतून कवटीत चढत असणार. काकूंना तो चेहरा आठवला. गिऱ्हाइकाचा फोन कानाला लावला की असाच व्हायचा.

"करकर," ते मूठ तोंडातून काढून म्हणाले. "दात अजून माझेच आहेत म्हटलं! प्लग काढ."

बादलीने टब उपसला. पंप उघडला. आतून दोऱ्यांचा गुंता निघाला, शर्टाचं एक बटण निघालं, आणि मागोमाग वालाएवढं, कातडीच्या रंगाचं काहीतरी टपकन ताटलीत पडलं.

काकूंनी वाकून पाहिलं. कानातलं यंत्र.

"दुरुस्तीला दिलं होतं ना?" काकूंनी ताटलीकडे बोट केलं.

"हो. घरच्याच मेकॅनिककडे," कानसेन म्हणाले. मग म्हणाले, "खिसे तपासून कपडे टाकायचं काम कोणाचं?"

"आणि कानातली वस्तू खिशात ठेवायचं?"

हे त्यांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. दोघंही हसली मात्र एकदमच.

चारला दहा कमी असताना टबातलं पाणी भसाभसा मोरीत उतरलं आणि मशीन कपडे पिळू लागलं. काकूंनी लेकीला फोन लावला आणि काही न बोलता मशीनजवळ धरला.

"बाबांनी केलं?"

"मग काय मी?"

"बरं बाई. गाडी परत पाठवायला सांगते."

कानसेन झाकणावर तळवा ठेवून उभे होते. ते इवलंसं यंत्र पुसून त्यांनी ताटलीत उरलेल्या एका स्क्रूशेजारी ठेवलं होतं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"गुणगुणतंय," काकू म्हणाल्या.

त्यांनी मान डोलावली. ठीक आहे, अशी. मग थांबले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तळवा झाकणावर तसाच ठेवून काकूंकडे पूर्ण वळले आणि त्यांच्या ओठांवर नजर लावली.

"काय म्हणालीस?"