नावेतली जागा

स्पीकरमधून कुत्रं भुंकलं आणि सुरजच्या हातातला चहा पँटवर सांडला.

"घाबरलास व्हय? चावत न्हाई," मॉनिटरवरची नजर न काढता इम्तियाज म्हणाला. "आपलंच हाय. 'घरमालक' नाव ठेवलंय त्याचं. उगाच भुंकत बसतंय."

दौंड स्टेशनच्या मागच्या अंगाला इम्तियाजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की सुरज मांडवगणहून गाडी काढून इकडं यायचा. ह्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा पहिला भाग सहा वर्षांपूर्वी त्यानं इथूनच नेला होता, आणि दुसराही गेल्या महिन्यात इथूनच. सहा वर्षं वाट बघायला लावून आलेला तो भाग त्यानं दहा दिवसांत संपवला होता. त्यात हे कुत्रं त्याला एकदाही भेटलं नव्हतं.

"हे तुझ्याकडं कसं आलं?"

"कसं म्हंजी? पहिल्या भागातलंच की. शेवटी नावेत घेतलं व्हतं. जुनी फाइल टाकली की मागनं आपोआप येतंय." इम्तियाजनं आता मान वळवली. "तू न्हवतं घेतलं?"

"मी पेटी घेतली."

"तलवारीची?" इम्तियाज खदखदून हसला. "अरे यार! ती तलवार ह्या भागात लोहार फुकट देतोय. पहिल्याच गावात!"

सुरज हसला नाही. रुमालानं तो पँटवरचा चहा पुसत राहिला, डाग निघून गेल्यावरही.

खेळाचं इंग्रजी नाव सुरजच्या आजोबांच्या, आबांच्या, जिभेवर कधी बसलं नाही. ते त्याला 'वाटसरू' म्हणत. सुरज कॉलेजात असताना घरात जुना कॉम्प्युटर आला आणि सुरजच्या पाठीमागं लाकडी खुर्ची टाकून ते बसू लागले. म्हस्कूआबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, आभाळ भरायच्या आत परतायचं. पाटाला पाणी आलं, माळाचं रान भिजलं, तेव्हा कुठं त्यांचे पाय थांबले. पडद्यावरचा तो एकटा माणूस डोंगरामागून डोंगर चालत जायचा, लढायचा, रात्री जाळ करून बसायचा. आबांना लढाईत गोडी नव्हती. त्यांना चालणं बघायचं असे.

"बसू दे की त्याला वाईच," ते म्हणत. "पाय हायीत का काय हायीत त्याला?"

मग वाटसरूला एक काळं कुत्रं भेटलं. नाव काय ठेवू म्हणून सुरजनं विचारलं तर आबा पटकन म्हणाले, "काजळ्या." त्या दिवसापासून सुरज कॉलेजातून आला की पहिला प्रश्न ठरलेला. काजळ्या कुठवर पोचला?

शेवटाला एक नदी होती. नावाडी म्हणाला, नावेत एकाचीच जागा आहे, कुत्रं घे नाहीतर ही पेटी घे. इंग्रजीत दोन ओळी आल्या होत्या. पेटीतल्या तलवारीवाचून पुढं निभाव नाही, असं दौंडच्या पोरांत बोललं जात होतं. सुरजनं दुसरी ओळ निवडली. नाव हलली. काळं कुत्रं काठावर उभं राहिलं आणि लहान होत गेलं.

"आरं, त्याला घे की!" आबा खुर्चीतून उठलेच.

"नावाडी न्हाई म्हनतोय, आबा. घेताच येत न्हाई. खेळच तसा हाय."

आबा हळूहळू खाली बसले. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा खऱ्या काजळ्याचं, मेंढरं राखणाऱ्या आपल्या कुत्र्याचं, सांगितलं. कोकणात शेवटची मेंढरं विकली आणि बिऱ्हाड ट्रकानं घरी आलं, त्या वेळी काजळ्या सावित्री नदीच्या काठावर राहिला.

"ट्रकवाला बी न्हाईच म्हनला व्हता," आबा म्हणाले. "काय करनार मानूस."

चुलीपुढं बानूबाई आजी भाकरी थापत होत्या. हातावरची भाकरी तव्यात टाकून त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. तव्यातली भाकरी करपली. घरात भाकरी करपल्याचं सुरजला तेवढंच आठवतं.

पुढं कधी गोठ्यात, कधी उसाच्या बांधावर आबा दोन ओळी गुणगुणत. कुठून आल्या, कुणाला ठाऊक नव्हतं.

ऐल तीरी माझं बिऱ्हाड, पैल तीरी माझा राखा
हाक दिली न्हाई म्या, तरी कान त्याचं उभं का

आजी गेल्या. ओळी राहिल्या. आणि एक प्रश्न राहिला, दर चार-सहा महिन्यांनी येणारा. "त्या वाटसरूचा दुसरा भाग आला का रं? माघारी गेला आसंल का त्यो कुत्र्यासाठी?"

आला होता. पण महिनाभर सुरजनं आबांना सांगितलं नव्हतं. नव्या भागात पाणी खऱ्यासारखं चमकायचं, गवत वाऱ्यानं वाकायचं. डोक्यावर एक सोनेरी बाण तरंगत असायचा, जायचं तिकडं बोट दाखवत. नकाशावरच्या गावावर दाबलं की माणूस क्षणात तिथं. वाट होती, वाटेवर दगड होते, दगडांवर शेवाळ होतं. चालायचं कारण तेवढं उरलं नव्हतं. आबांना दाखवायचं काय? आणि कुत्र्याचं तर नावही कुठं नव्हतं.

"इम्त्या, तुझी फाइल दे मला," सुरजनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"काय करनार?"

"आबांना दाखवायचंय."

इम्तियाजनं त्याच्याकडं नीट बघितलं. थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटून त्यानं फाइल उतरवून दिली. "आबांना सलाम सांग," एवढंच म्हणाला.

वाटेत भीमेच्या पुलावर सुरजनं गोष्ट जुळवून ठेवली. पोहून आलं, आबा. वास काढत काढत आलं. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. कुत्रं काळं आहे, बस्स आहे.

तीनला लाईट आली. पाचला पुन्हा जाणार होती. आबा आपली खुर्ची ओढून बसले. काठी गुडघ्यांत धरली, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला.

"आला म्हन की एकदाचा."

"आला. आन् तुमचा काजळ्या बी आलाय."

आबांचा चेहरा असा उजळला की सुरजनं मान पडद्याकडं वळवली.

फाइल उघडली. पण खेळ लगेच सुरू झाला नाही. आधी मागची कथा दाखवू लागला. इम्तियाजची मागची कथा. सुरजला हे सुचलंच नव्हतं. ती ओलांडून पुढं जायला त्याचं बोट बटणावर गेलं, पण कथा काही गाळता येईना.

तीच नदी. तोच नावाडी. नावेत वाटसरू बसलेला आणि त्याच्या पायाशी, नावेच्या कडेवर हनुवटी टेकून, काळं कुत्रं. मागं काठावर पेटी पडलेली. नाव पुढं गेली तशी ती पेटी लहान होत गेली.

आबा वाकून बघत होते. बराच वेळ. मग काठी दुसऱ्या हातात घेतली.

"नावंत बसलंय ते."

"व्हय."

"म्हंजी जागा व्हती."

पुलावरची गोष्ट सुरजच्या तोंडाशी आली आणि तिथंच विरून गेली.

"व्हती, आबा. मी पेटी घेतली. तुमास्नी खोटं सांगितलं."

बाहेर कुणाची तरी उसाची ट्रॉली खडखडत गेली.

"आमच्या ट्रकात बी व्हती," आबा म्हणाले.

सुरज वळला. आबा त्याच्याकडं बघत नव्हते.

"ट्रकवाला बापडा काय बोललाच न्हाई. बानू तर म्हनत व्हती, मांडीवर घिऊन बसते. मीच म्हनलं, मेंढरंच ऱ्हाईली न्हाईत, आता ह्यानं राखायचं काय. ट्रकामागं पळालं न्हाई गं ते. बस म्हनलं व्हतं मी. बसलं."

ते 'गं' सुरजला नव्हतं.

पडद्यावर आता खेळ सुरू झाला होता. वाटसरू पैलतीरी उभा होता, डोक्यावर सोनेरी बाण. तो हलेना म्हणून कुत्रंही जागचं हललं नाही. शेपूट हलवत त्याच्या तोंडाकडं बघत बसून राहिलं.

"थांबवू नगं त्यास्नी," आबा म्हणाले. "चालू दे."

सुरजनं नकाशा उघडला नाही. बाणाकडं पाठ केली आणि नदीच्या काठाकाठानं वाटसरूला चालवत नेलं, हळूहळू. मागून कुत्रं येत होतं. लाईट जायला अजून तासभर होता.