गुंडम्माचा पहिला नंबर

मल्लप्पांच्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. विमा कंपनीला तेवढं ठाऊक नव्हतं. तिलाही ते कळलं आणि त्यापायी लेकीचं ऑपरेशन अडकलं.

लेक म्हणजे शिवलीला. ती जुळे सोलापुरात राहते, नवरा गुरुशांत आणि दोन मुलांबरोबर. बायको नागम्मा गेल्यापासून मल्लप्पाही तिच्याकडेच. विमा काढला तेव्हा शिवलीला अंगानं बेताची होती. मग दुसरं बाळंतपण झालं, थायरॉईड बिघडलं आणि वजन वाढत गेलं ते थांबेचना. साखर वाढली. झोपेत श्वास अडकायला लागला, तशी बिचारी खुर्चीत बसून झोपायला लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर हा श्वास एखाद्या दिवशी दगा देईल. तारीखसुद्धा ठरली. आणि कंपनीनं कळवलं, नामंजूर. म्हणे लठ्ठपणा लहानपणापासूनचा आहे आणि विमा काढताना तो लपवला.

आता हे कंपनीला सांगितलं कुणी? दुसरं कोण सांगणार!

झालं असं की कंपनीचा चौकशीचा माणूस आला तेव्हा घरात मल्लप्पा एकटेच होते. ऐकणारं कुणीतरी मिळालं म्हटल्यावर म्हातारा असा खुलला की विचारू नका. चहा पाजला, शेंगापोळीवर तूप वाढलं, भिंतीवरचा फोटो काढून त्याच्या मांडीवरच ठेवला. सुदृढ बालक स्पर्धेत पहिला नंबर! नागम्माच्या कडेवर न मावणारी पोर आणि पोरीच्या हातात कप. नागम्मा तिला कशी हुग्गी भरवायची, गव्हाच्या त्या खिरीत तूप ओतायची, आणि एक घास गिळला की पोर लगेच कसा आ वासायची, सगळं सांगून झालं. लाडानं तिला गुंडम्मा म्हणायचो, हेही सांगितलं. त्या माणसाला कानडी येत नव्हती. त्यानं अर्थ विचारला आणि ह्यांनी हौसेनं सांगितला, गोल, गरगरीत, लठ्ठ. पहिल्यापासून अशीच हो, आजतागायत, असंही वर ठोकून दिलं. पाहुणा भराभर लिहून घेत होता. मल्लप्पांना वाटलं, पोरीचं किती कौतुक आहे ह्याला. अहवालात आलं की विमाधारक घरात ह्याच अर्थाच्या नावानं ओळखली जाते.

शिवलीला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली की शाळेत ती खो-खो खेळायची, बरगड्या दिसायच्या म्हणून बाई लोहाच्या गोळ्या द्यायच्या, आणि लग्नातलं झंपर आईनं दोनदा आत घेतलं होतं. हे सगळं तिनं विमा लोकपालाकडं केलेल्या तक्रारीतही घातलं होतं. पण अहवाल अप्पांच्या शब्दावर उभा होता, म्हणून सुनावणीत अप्पांनाच विचारणार होते. तिनं त्यांना एवढंच पढवलं, पोरगी बारीक होती म्हणून सांगा.

तीन शब्दांचं काम, त्यात काय अवघड? पण मल्लप्पा ती बारीक पोरगी आठवायला बसले आणि ती काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

शिवलीला तीन वर्षांची असताना त्यांना श्रीपूरच्या कारखान्यात साखर शिजवायची नोकरी लागली होती. शाळेसाठी मायलेकी सोलापुरातच राहिल्या. श्रीपूरचं सगळं मल्लप्पांना लख्ख आठवत होतं. पहाटेचा भोंगा, उसाच्या बैलगाड्यांची रांग, उकळत्या रसाचा तो गोड, दाट वास, आणि साखरेचा दाणा नीट धरला की होणारा आनंद. काय दिवस होते ते! हंगामात सुट्टी मिळायची नाही, हंगाम सरला की दुरुस्तीची कामं निघायची. कधीमधी काकवीचा डबा घेऊन घरी यायचे तेव्हा पोर चादरीत गुरफटून झोपलेली असायची आणि ती उठायच्या आत ह्यांची एसटी असायची. नागम्मा असती तर तिनं सगळं सांगितलं असतं.

सुनावणी मोबाईलवर झाली. गुरुशांतनं मोबाईल टेबलावर उभा करून दिला. पलीकडच्या लोकपाल साहेबांनी नेमकं तेच विचारलं, मुलगी लहानपणी लठ्ठ होती का? शिवलीलानं श्वास रोखून धरला. मल्लप्पांनी आधी लेकीकडं बघितलं.

"मला ठाऊक न्हाय साहेब," ते म्हणाले. "ती तीन वर्सांची झाली आन् मी श्रीपूरला गेलो. तिला वाढताना मी बघितलंच न्हाय."

मग चौकशीला आलेल्या माणसाला पहिल्यापासून अशीच म्हणून का सांगितलं, असं साहेबांनी विचारलं.

"माज्याकडं तेवढीच हाय की हो ती. तीन वर्सांपतुर. त्याच्या फुडची तिच्या आईकडं होती."

शिवलीलानं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी विचारायचं ते विचारलं आणि सुनावणी संपली.

मंजुरी आली आणि ऑपरेशनची नवी तारीखही ठरली. ज्याला काही माहीतच नाही त्याच्या सांगण्यावरून नाकारता येत नाही, असं साहेबांनी कंपनीला कळवलं होतं. मल्लप्पांना मात्र त्यात आनंद होईना. आपलं आता हिच्याकडे काय काम, शुक्रवार पेठेतल्या खोलीवर जावं, असं ते जावयाजवळ दोनदा बोलले होते. पिशवीही भरून ठेवली होती.

ऑपरेशनच्या सकाळी शिवलीलाला आत न्यायला आले. तिनं अप्पांना जवळ बोलावलं.

"अप्पा, मी आता परत बारीक होणार आहे," ती म्हणाली. "ह्या वेळेला बघायला घरात राहा."

मल्लप्पा तिच्या स्ट्रेचरला धरून दारापर्यंत चालत गेले.