‘इतर’ फाइल आणि मामांची रजा

दातांच्या दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा ठरवून देणारी वेबसाइट चालवणाऱ्या त्या कंपनीत कोड सांभाळणाऱ्या मामांना सहा वर्षांत सलग दोन दिवस रजा मिळाली नव्हती. अडवत कुणीच नव्हतं. साहेब आनंदाने सही करत, मामा बॅग भरत, आणि बॅगेची चेन लागायच्या आत फोन वाजे.

याला कारण ‘इतर’ नावाची फाइल. कुठे ठेवावं ते न सुचलेलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एखादं छोटं काम करून देणारा कोडचा तुकडा, सगळ्यांनी वर्षानुवर्षं तिच्यात टाकलं होतं. अकरा हजार ओळी झाल्या. त्यात काय कुठे आहे ते फक्त मामांना ठाऊक. ‘चार हजार दोनशेच्या आसपास बघ’ असं डोळे मिटून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते पाहून रजा नेमकी कोण अडवतंय याची शंका मामींना केव्हाच आली होती.

या खेपेला लेकीकडे आठ दिवस जायचं होतं. पाच वर्षांच्या नातीच्या लेखी आजोबा म्हणजे कानाला फोन लावून, बोट वर करून ‘एक मिनिट हं’ म्हणणारा माणूस.

“फोन आणि तुम्ही, दोघांपैकी एकालाच मी नेणार आहे,” मामी म्हणाल्या. “कोणाला, ते तुम्ही ठरवा.”

हातात तीन आठवडे होते; तेवढ्यात ‘इतर’ आवरून टाकायची, म्हणजे फोन यायलाच नको. मदतीला ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी मिळाली. तिला सगळे धाकटी म्हणत.

“मामा, तारीख दाखवणारं फंक्शन कुठलं?”

“कुठलं हवंय?”

सात निघाली. ‘तारीख’, ‘तारीख नवी’, ‘तारीख नवी खरी’, ‘तारीख शेवटची’, आणि शेवटचीनंतर आणखी तीन. ज्याला सापडलं नाही त्याने प्रत काढली होती किंवा स्वतःचं लिहिलं होतं. एकात दुरुस्ती झाली, की बाकीची सहा जुन्या चुकीसकट सुखाने नांदत.

धाकटीने तारखांची सगळी कामं एका कंपोनंटमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या खणात नेली, फोन नंबरांची दुसऱ्यात, रुग्णांना निरोप धाडायची तिसऱ्यात. लागेल त्याने तिथूनच वापरायचं. प्रत काढून घरी न्यायची नाही. प्रत्येकावर माहितीची पाटी: काय दिलं की काय मिळतं.

“पाट्या लावल्यास तर मला विचारणार कोण?” मामा म्हणाले आणि हसले. हसू जरा उशिराच आलं.

“कुणी विचारू नये म्हणूनच चाललंय ना हे?”

शेवटी एक फंक्शन कुठेच बसेना. वर मामांच्याच हातचं लिहिलेलं: ‘हे काढू नये.’ त्याचं काम तीन सेकंद थांबायचं, आणि मग काहीही करायचं नाही.

“हे कशाला, मामा?”

सहा वर्षांत पहिल्यांदाच मामांना आठवेना. घरी गेले तेही त्याच तंद्रीत.

“अहो, ऐकलंत का?”

“हो.”

“इतक्या पटकन हो म्हणालात, म्हणजे ऐकलेलं नाही.”

मामा ताडकन उठले. आठवलं. वेबसाइट ‘ही वेळ शिल्लक नाही’ असं क्षणात सांगायची, तेव्हा रुग्णांची तक्रार यायची, की मेलीने नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणून तीन सेकंद. तक्रारी बंद झाल्या.

धाकटीने त्याचा स्वतंत्र कंपोनंट केला, नाव ठेवलं ‘विचार’, आणि पाटीवर कारणही लिहिलं.

फोन घरच्या कपाटात राहिला. लेकीकडे पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी तिच्या घरातले सगळे स्क्रू आवळले. तिसऱ्या दिवशी, मामी आंघोळीला गेल्याचं पाहून, त्यांनी लेकीचा फोन मागून घेतला.

“काही अडलंय का गं?”

“बघते हं,” धाकटी म्हणाली. पलीकडे शांतता. एक, दोन, तीन. “नाही, मामा. काही नाही.”

मामांनी फंक्शन ओळखलं. तक्रारीला जागा नव्हती. ते गुपचूप फोन ठेवून नातीजवळ खाली बसले. ती ठोकळ्यांचा दवाखाना बांधत होती.

“मी काय करू?” त्यांनी विचारलं.

मान वर न करता तिने बोट वर केलं. “एक मिनिट हं.”

मामा थांबले. मिनिट बरंच लांबलं, पण त्यांना कुठे जायचं नव्हतं.