भिंतीतल्या भाडेकरूचे दोन डावे हात

दचकू नका. बोलतोय तो मीच, काचेच्या पेटीतला, लाल-काळ्या मुखपृष्ठाचा. 'दचक चित्रकथा, अंक सतरावा' हे माझं पूर्ण नाव. पोटात एकच गोष्ट आहे, 'भिंतीतला भाडेकरू'. पानं बत्तीस, त्यातली दोन जाहिरातींची. एक कोपरा दुमडलाय, पिनांचा गंज कागदात उतरलाय, पण वयाच्या मानानं तब्येत ठणठणीत आहे. शिवाय मी देखणा आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण विनयाशी माझं कधी फारसं जमलं नाही आणि भुतांच्या अंकाला तो शोभतही नाही.

माझा जन्म दोन खोल्यांच्या एका छापखान्यात झाला. छापखान्याचा खरा धंदा औषधाच्या बाटल्यांवरच्या लेबलांचा. महिन्याचे पंचवीस दिवस लेबलं आणि उरलेल्या दिवसांत भुतं, असा तिथला रिवाज होता. शाईही लेबलांचीच. खोकल्याच्या औषधासाठी जो लाल रंग घोटला जाई, त्यातला उरलेला आमच्या वाट्याला येई. त्यामुळे आमच्या गोष्टींमधलं रक्त खोकल्याच्या औषधाच्या रंगाचं आहे. माहीतगार वाचक अजूनही तो लाल लांबून ओळखतात.

मोठ्या प्रकाशकांच्या अंकांना चार-चार रंग असत आणि गुळगुळीत कागद असे. त्यांची भुतं नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी दिसत. आमचं मशीन जुनं. लाल रंग काळ्या रेषेवर कधी नेमका बसायचा नाही, केसभर सरकायचा. त्यामुळे भूत स्वतःच्या अंगातून थोडंसं बाहेर आल्यासारखं वाटे. मशीनमन यावरून मालकांची बोलणी खाई. मला विचाराल तर त्याला पदक द्यायला हवं होतं.

चित्रं वरून यायची. वर म्हणजे अगदी शब्दशः वरून. छापखान्याच्या माथ्यावर मालकांचं घर होतं. तिथे मालकांच्या थोरल्या भावाची बायको दुपारी भांडीकुंडी आवरून झाली की मांडीवर पाट घेऊन खिडकीशी बसे. सगळा छापखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. एक पान झालं, वाळलं, की वहिनी ते टोपलीत ठेवत आणि टोपली दोरीनं खिडकीतून खाली सोडत. खाली मशीनमन ती झेलायचा. चित्रकला त्या कुठे शिकल्या नव्हत्या. समोर जे असेल ते बघून काढायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

माझं नववं पान आलं तेव्हा मशीनमननं टोपलीतून ते उचललं आणि परत टोपलीत ठेवलं. मग मालकांना हाक मारली. त्या पानावर एकच मोठं चित्र आहे. खोलीची भिंत, तिचा पोपडा सुटलेला, आणि भेगेतून बाहेर आलेले दोन हात. एका हातात खोलीची किल्ली. खोलीतच मेलेल्या आधीच्या भाडेकरूला खोली सोडायची आहे आणि तो किल्ली परत करतोय, इतकंच. ना दात, ना नखं, ना किंकाळी. तरीही बघणाऱ्याचा हात आपोआप मागे जातो.

मी बाजारात गेलो आणि आठवड्याभरात चार-पाच पालक छापखान्यात येऊन उभे राहिले. मुलं भिंतीकडे तोंड करून झोपायला तयार नाहीत, अशी त्यांची तक्रार. असलं काढतो तरी कोण, त्याला पुढे करा, म्हणाले. मालक मनानं चांगले होते. वहिनींचं नाव चव्हाट्यावर यायला नको म्हणून त्यांनी ठोकून दिलं, "चित्रकार परगावचा आहे. चित्रं पोस्टानं येतात." वहिनी वर खिडकीत उभ्या राहून हे ऐकत होत्या. आणखी तीन अंक निघाले आणि 'दचक' बंद पडलं. माझ्या दुसऱ्या पानावर लेखकाचं नाव आहे, मुद्रकाचं आहे, कागदवाल्याचे आभारसुद्धा आहेत. चित्रकाराच्या जागी नुसतं 'चित्रे : मंडळ' असं छापलंय. हे एक शल्य सोडलं तर माझं आयुष्य मानानं गेलं.

पहिली दहा वर्षं मी एका सलूनमध्ये काढली. बाकावर गठ्ठा असायचा, त्यात सगळ्यात वर मी. दाढीला आलेला माणूस नवव्या पानाशी पोचला की मान हलवायचा आणि सलूनवाला वैतागायचा. "साहेब, कान जागेवर राहू द्यायचा असेल तर ते पुस्तक खाली ठेवा," असं त्याला रोज दोनदा तरी म्हणावं लागे. मला तो माझा बहुमान वाटायचा.

तिथेच मला माझा माणूस भेटला. दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला तो नुकताच लागला होता. पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं आणि सगळे त्याला कवळीवाला म्हणू लागले. केस वाढलेले नसतानाही तो केस कापायला यायचा. एकदा सलूनवाला म्हणाला, "आता कापायला डोक्यावर काही उरलं नाही, घेऊन जा तुझं भूत." अशा रीतीनं मी त्याच्या घरी गेलो.

त्यानं मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात मी राहायचो. मला हातात घ्यायच्या आधी तो बोटांवरचं साच्यांचं प्लास्टर साबणानं धुवायचा, पुसायचा आणि मग पुन्हा एकदा पुसायचा. 'दचक'चे बाकीचे अंकही त्यानं कुठून कुठून जमवले, पण सतरावा तो सतरावा. पाहुण्यांना मी लांबूनच दिसायचो. बायको म्हणायची, "सासूबाईंचे दागिने मला न विचारता कपाटात टाकून देता, आणि या अंकाला मात्र हात लावायला देत नाही." यावर तो फक्त हसायचा. साबण कुठे आहे ते तिलाही ठाऊक होतं; तो दुकानात गेला की तीही हात धुऊन मला वाचायची.

त्याला एकच खंत होती. मला काढलं कोणी, ते त्याला कळत नव्हतं. आणि मला कळत असून सांगता येत नव्हतं.

यंदा इथल्या वाचनालयानं जुन्या चित्रकथांचं प्रदर्शन ठरवलं. 'दचक'चे अंक कवळीवाला देणार होता, म्हणून ग्रंथपालबाईंनी पाट्यांचा मजकूर आधी त्याच्याकडे तपासायला पाठवला. माझ्या पाटीवर लिहिलं होतं, 'चित्रकार अज्ञात'. कवळीवाला तो कागद घेऊन बसून राहिला. "चाळीस वर्षं ज्याचं चित्र रोज बघतोय, त्याला मी अज्ञात म्हणू?" तो बायकोला म्हणाला. "पाट्या शुक्रवारी छापायला जाणार. तोवर नाव सापडलं नाही, तर पुन्हा कोण शोधणार आहे?"

बुधवारी त्याच्या दुकानात एक म्हातारा नवी कवळी बसवून घ्यायला आला. भिंतीवर 'दचक'चं एक जुनं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं होतं. म्हातारा तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बोट दाखवू लागला. कवळीवाल्यानं आधी कवळी नीट बसवली, कारण काम ते काम. मग म्हातारा बोलला, "हे मी छापलंय. मशीनवर मी होतो."

"चित्रं कोण काढायचं?"

"ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टोपली यायची वरून. वर मालकांच्या वहिनी राहायच्या. पुढे मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या बाई झाल्या त्या."

गुरुवारी सकाळी मी एक्स-रेच्या पाकिटातून बाईंच्या घरी गेलो. बाई आता ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. टेबलावर मला ठेवल्यावर त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मी त्यांना लगेच ओळखलं.

"बाई, ही चित्रं तुमची ना?"

"मी शाळेत शिकवलं. फुलं, भांडी, देखावे. असलं काही मी काढत नाही."

"मशीनमन माझ्याकडे कवळी बसवायला आले होते. सांगत होते, टोपली तुमच्या खिडकीतून यायची."

"दात गेले तशी त्यांची आठवणही गेली असेल. चहा घेणार का?" म्हणत त्या आत जाऊन आधण ठेवून आल्या.

कवळीवाल्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असता, पण माझ्या मुखपृष्ठावर तशी सोय नाही. उठायच्या आधी त्यानं न राहवून नववं पान उघडलं.

"तुमची नसली तरी एकदा बघा तरी," तो म्हणाला. "मी दिवसभर साचे करतो, डावं-उजवं माझ्या नजरेतून सुटत नाही. या भाडेकरूचे दोन्ही हात डावे आहेत. अंगठे बघा, एकाच बाजूला. वाचणाऱ्याला कळत नाही, पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं आणि अंगावर काटा येतो. हे मुद्दाम करायला केवढी बुद्धी हवी! बाकीच्या अंकांतल्या भुतांचंही तसंच आहे. असा चित्रकार मी दुसरा पाहिला नाही."

बाईंनी चष्मा लावला. मला जवळ ओढलं. मग स्वतःचे दोन्ही हात चित्रासारखे पुढे धरून पाहिले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मुद्दाम कसलं डोंबलाचं! उजव्या हातात ब्रश होता. बघून काढायला उरला कोणता? डावाच ना."

चहा आत उकळून उतू गेला.

"तीस वर्षं मुलींच्या चित्रांतल्या हातांना लाल खुणा केल्या मी," बाई शेवटी म्हणाल्या. "अंगठा कुठल्या बाजूला येतो ते आधी बघा, म्हणायचे. एकीला तर त्यावरून रडवलं होतं. पेन्सिल आहे?"

आता कवळीवाल्याची परीक्षा होती. ज्यानं बायकोला बोट लावू दिलं नाही, त्याच्या सतराव्या अंकावर कुणीतरी पेन्सिल चालवणार होतं. मग त्यानं खिशातून साच्यांवर खुणा करायची पेन्सिल काढली आणि टोक तपासून त्यांच्या हातात दिली.

बाईंनी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि उजवा हात समोर धरून तो नीट न्याहाळला. मग पेन्सिल उजव्या हातात घेतली. किल्लीच्या हाताचा जुना अंगठा त्यांनी भिंतीच्या भेगेत मुरवला आणि दुसऱ्या बाजूला नवा काढला. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही.

"दिरांनी नाव झाकलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं," त्या काढता काढता बोलत होत्या. "पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शाळेत लागले. भुतं काढणाऱ्या बाईकडे मुली कोण पाठवणार? मग गप्प बसायची सवयच लागली. पण अंक निघाला की मी खिडकीतून बघत राहायचे, रस्त्यात कोणी वाचतंय का." पेन्सिल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला खरंच भीती वाटायची?"

"अजून वाटते," कवळीवाला म्हणाला.

बाईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "पाटीवर नाव घाला," त्या म्हणाल्या. "वहिनी नको, बाई नको. पूर्ण नाव, आणि पुढे चित्रकार."

तर असा मी. 'दचक'चे सतरावे अंक जगात कुठे कुठे उरले असतील, पण त्या सगळ्यांत भुताला धड उजवा हात असलेला मी एकटाच. संग्राहक मंडळी येतात, पेन्सिलीच्या रेघा बघून हळहळतात. कवळीवाला त्यांना शेजारी उभं करून सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवतो, दिवसातून दहादा, आणि दर वेळी तितक्याच ऐटीत. खोकल्याच्या औषधाचा लाल, त्याचं केसभर सरकणं, टोपली, काही म्हणून गाळत नाही. मी काचेखाली छाती फुगवून ऐकतो.

पहिल्या दिवशी बाई स्वतः आल्या होत्या. पाटीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. ग्रंथपालबाई काळजीत पडल्या, काही चुकलं की काय. बाई म्हणाल्या, "अक्षर लहान झालंय. मोठं करून लावा."

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. आता ती दारातूनच वाचता येते. तुम्हीही या. आधी ते नाव वाचा, मग पान नऊकडे बघा. भीती वाटली तर लपवू नका. बाई अधूनमधून येऊन मागच्या बाकावर बसतात आणि कोण कोण दचकतंय ते बघतात.