आयता शब्द

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. वीतभर लांब, अंगावर एकच शब्द कोरलेला, 'लोळवले'. तोही उलटा, म्हणजे कागदावर सुलटा उमटतो. मित्रांनो, आरशासमोर उभं राहिल्यावरच शहाणा दिसणारा माझ्यासारखा मीच.

माझा जन्म एका तुटक्या 'ळ'मुळे झाला. आमच्या छापखान्यात साप्ताहिक छापायचे. मथळ्याच्या मोठ्या खिळ्यांतला, म्हणजे छापायच्या सुट्या अक्षरांतला, 'ळ' खाली पडला आणि त्याचा एक कान गेला. मालकांना तर दर आठवड्याला कुणीतरी कुणालातरी लोळवलेलं हवं असायचं. मग त्यांनी सुताराकडून अख्खा शब्दच कोरून घेतला.

पण मला खणातून काढायचं की नाही, हे ठरवायचा जुळारी, म्हणजे खिळे जुळवून पान लावणारा. खडूस माणूस. खेळाची बातमी आली की बातमीदाराला एकच विचारायचा, "पडलेला उठला का?" उठला असेल तर 'हरवले'. समोरच्याला काही म्हणता काही करता आलं नाही, तरच मी. जरा दणक्यात होऊ द्या, म्हणून बातमीदार कुरकुरला, की दणका तुझ्या सासऱ्याला दे, म्हणायचा. त्यामुळे मी वर्षातून तीनचारदाच बाहेर यायचो, पण आलो की गावभर चर्चा. लाकूड पावसाळ्यात फुगतं. मी उन्हाळ्यातही फुगायचो.

जुळाऱ्याची मुलगी कुस्ती खेळायची. एकदा तिची गाठ आदल्या वर्षीच्या विजेतीशी पडली. हरली तरी चालणार होतं, पण लढत चांगली झाली तर मोठ्या संघात जागा होती. बापाने आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी काढली आणि कुस्ती बघायला गेला. पान लावायला मालक स्वतः बसले.

बातमीदाराने नीट सांगितलं. पोरगी दोनदा खाली गेली, दोनदा उठली, एका गुणाने हरली. पण मालकांचा चहा निवत होता. खिळे कोण शोधत बसणार? मी आयता होतो. त्यांनी काहीच विचारलं नाही, मला उचललं. मी ओरडलो असतो, पण मला तोंड एकच आणि त्यालाच शाई फासलेली.

'विजेतीने लोळवले.' चारशे प्रती.

दुसऱ्या दिवशी जुळारी मालकांपुढे उभा राहिला. एका शब्दाचं काय घेऊन बसलास, म्हणाले, खुलासा टाकू. टाकला, पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. तोवर संघाची यादी लागली होती. निवड करणाऱ्यांनी कुस्ती पाहिली नव्हती, पेपर वाचला होता. यादीत तिचं नाव नव्हतं.

ती छापखान्यात आली. मला हातात घेऊन अंगठ्याने अक्षरं चाचपली.

"बाबा, मी उठले होते ना?"

"दोनदा," बाप म्हणाला.

ती परत कुस्तीला गेली नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा जुळाऱ्याने मला घरी आणलं. त्याच्या खाटेचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मला सरकवलं. मित्रांनो, हात घालाल तिथे सापडणारा शब्द बरोबर असतोच असं नाही. वापरण्याआधी एकदा विचारत जा, पडलेला उठला का?

माझं म्हणाल तर कोरलेलं तोंड फरशीला आहे, पाठीवर खाट आहे. मला काही उठता येत नाही.