न कापलेलं रीळ

आत्या बॅग घेऊन आली, तेव्हाच फिरकीने ओळखलं की आता आपलं काही खरं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत फिरकीचा जुने प्रोजेक्टर दुरुस्त करायचा कारखाना आणि तिथेच कोपऱ्यात पलंग. दिवसभर रिळं फिरवते म्हणून भाचीचं हे नाव आत्यानेच ठेवलेलं. चार दिवसांत आत्याने सगळे स्क्रू लहान-मोठे बघून नीट लावून ठेवले आणि फिरकीला एकही सापडेना.

भांडण जुनंच होतं, पंचेचाळीस वर्षांचं. लग्नानंतर आठच दिवसांनी, तळ्याच्या लाकडी धक्क्यावर, नवऱ्याने आपल्याला पाण्यात ढकललं असं आत्याचं म्हणणं. पाठीवरचा त्यांचा हात तिला अजून आठवायचा. आतोबांचं म्हणणं, ही आपणहून घसरली आणि जाताना मलाही ओढून घेऊन गेली. इतकी वर्षं हे भांडण दोघांना तोंडी लावायला होतं. पण मागच्या रविवारी आतोबांनी चार पाहुण्यांसमोर "हिने मला बुडवलं" म्हणून सांगितलं, सगळे हसले आणि आत्याचं डोकं सटकलं. आता त्या दिवशी काढलेलं रीळच बघायचं, त्यात ढकललेलं दिसलं तर परत जायचं नाही, असं तिने जाहीर केलं. आत्या शब्दाची पक्की. पण एकमेकांशिवाय त्या दोघांचं पान हलत नाही हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

रीळ काढलं होतं फिरकीच्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्या दादाने. ते आता नव्हते, आणि रीळ त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं, कारण घरच्या आठ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरमध्ये ते शिरायलाच तयार नव्हतं. फिरकीने फिल्मवर पट्टी ठेवली, कडेची भोकं मोजली आणि कपाळावर हात मारला. रुंदी सोळा मिलिमीटर, भोकं मात्र दुप्पट. फिल्म आठचीच होती. आठच्या जुन्या कॅमेऱ्यात सोळाची पट्टी घालायची, आधी एका कडेवर चित्रण करायचं, मग रीळ उलटून दुसऱ्या कडेवर. लॅबवाले ती धुऊन मधोमध उभी चिरतात आणि दोन्ही अर्धे तुकडे एकापुढे एक जोडतात. ही कोणी चिरलेलीच नव्हती.

लॅबला काही सांगितलं होतंस का, असं फिरकीने विचारलं.

"सांगितलं होतं की," आत्या म्हणाली. "डब्यावर ठळक लिहिलं होतं, एक इंचही कापू नका. लोकांचा काय भरवसा?"

लॅबवाल्यांनी आज्ञा पाळली होती. आता तरी चिरूया म्हटल्यावर आत्या डबा मांडीवर घेऊन बसली. शेवटी सोळाच्या मशीनवर आहे तशीच चालवायची ठरली, आणि आतोबांनाही बोलावणं गेलं, कारण आरोपी हजर हवा.

भर दुपारी खिडक्यांना चादरी लागल्या. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आतोबा पलंगाच्या पार टोकाला बसले. मशीन सुरू झालं आणि भिंतीवर एकाच्या जागी चार चित्रं उमटली. डावीकडच्या दोन्हींत लग्नाची पाहुणेमंडळी दुप्पट वेगाने पायऱ्या उतरत होती. उजवीकडच्या दोन्हींत तळं होतं, पण ते खाली डोकं वर पाय, आणि शिवाय मागे मागे चाललेलं. आत्याने मान वाकडी केली, जमेना. आतोबा उठले, भिंतीकडे पाठ करून ओणवे झाले आणि पायांमधून बघू लागले. आत्याने हसू दाबलं, मग पदर खोचला आणि तीही शेजारी ओणवी झाली. सत्तरीच्या त्या दोन जाणत्या माणसांना तसं पाहून फिरकीला हसता हसता मशीनचा आधार घ्यावा लागला.

पाण्यातून आधी आतोबा उडून वर आले, कोरडे ठणठणीत, आणि पाठोपाठ आत्या. हेच आधी पडले होते, असं आत्याने ओणव्यानेच ठरवून टाकलं. उलट्या फिल्ममध्ये आधी बाहेर येतो तो शेवटी पडलेला असतो, हे फिरकीने तीनदा समजावलं. तोवर दोघं इतकी भांडली आणि इतकी हसली की उभं राहताना त्यांना एकमेकांना धरावं लागलं.

मग फिरकीने रीळ दुसऱ्या टोकाकडून लावलं आणि वेग कमी केला. आता पाहुणे उलटे लटकून पायऱ्या चढू लागले, पण तिकडे कोण बघतंय? तळं सरळ झालं होतं. तरुण आत्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. हसता हसता ती मागे सरली आणि तिची टाच धक्क्यावरून निसटली. आतोबांचा हात सावरायला तिच्या पाठीकडे गेला, जेमतेम टेकला आणि रिकामाच परत आला. धक्क्यावर ते एकटे उरले. त्यांना कोणी ओढलं नव्हतं. त्यांनी बूट, चष्मा, कोट, सगळ्यासकट उडी मारली. पुढे कॅमेरा हलला, आणि मग आत्या एका हाताने पाणी कापत, दुसऱ्या हातात नवऱ्याची कॉलर धरून काठाकडे येताना दिसली.

मशीन थांबलं तरी आत्या भिंतीकडेच बघत होती.

"मी ओढलंच नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "मग जन्मभर तसं का सांगत आलात?"

"बायकोला वाचवायला उडी मारली आणि तिनेच बाहेर काढलं, हे काय चारचौघांत सांगायचं?"

"पण तुम्हाला पोहायला येत नाही."

आतोबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"हो ना," ते म्हणाले. "ते पाण्यात गेल्यावर लक्षात आलं."