थप्पीतली पहिली मूठ

बसा रं मित्रांनो, एक गोष्ट सांगते. मी एक जुनी लोखंडी नळी हाय. टोकाला अणकुचीदार, मधून पोकळ. पोत्यात खुपसलं की दाणे माझ्या पोटातून घरंगळत माणसाच्या हातावर पडायचे. निजामाच्या अमदानीत सिरसाळ्याचा पंडित मापाडी मला कमरेला खोसून हिंडायचा. "पंडितची नळी खोटं बोलत न्हाई," लोक म्हणायचे. मी लई फुगायची.

एका साली बियाण्याची टंचाई पडली. अर्जुनराव देशमुखांनी घरोघरची ज्वारी गोळा केली. पेरणीला वाटायची म्हणून खंडोबाच्या देवळामागं पोत्यांची थप्पी लावली. गावची रीत अशी, की पहिली मूठ भंडारा लावून देवाफुडं ठेवायची. ती चांगली निघाली की परत खुपसायचं न्हाई. खुपसलं तर देवावर शंका.

पंडितनं मला म्होरच्या पोत्यात खुपसलं. दाणे टपोरे, एकबी किडका न्हाई.

"झालं! सगळी थप्पी बिनकिडीची," अर्जुनराव म्हणाले.

साखराबाई तिथंच हुबी होती. मेंढरं राखायची, नवरा वारलेला, तुकडाभर रान. हे बी उगवलं तरच तिचं वरीस निघणार.

"मालक, मागंबी एकदा खुपसा की. म्होरचं मेंढरू धड दिसलं म्हणून सगळा कळप धड व्हय?"

"कशाला अपशकुन करती गं?" पंडित खेकसला. "खंडोबापेक्षा तुला लई कळतंय व्हय?"

माणसं खो खो हसली.

वाटप झालं तवा साखराबाईच्या वाट्याला मागचं पोतं आलं. वरून बरं, आतून पोखरलेलं. तिनं पेरलं, वाट बघितली. रान उघडंच राहिलं. मग मेंढरं हाकत ती गाव सोडून निघाली. वाटंत पंडित भेटला.

"बाई, नळीत तर चांगलं आलतं."

"नळीत आलतं, दादा. माझ्या पोत्यात न्हवतं."

ते मला अजून सलतंय. मी खोटं बोलले न्हाई, पर माझं खरं त्या मुठीपुरतं होतं. दुसरीकडं खुपसलं असतं तर दुसरंच निघालं असतं. मूठ बदलली की मुठीतलं बदलतं. थप्पीत किडके किती, हे मातर ठरलेलं असतं, फकस्त आपल्याला ठाऊक नसतं. मुठीवरून अंदाज बांधावा, पर त्या अंदाजालाच थप्पी समजू नये.

आता मी गंजून पडलेय. मित्रांनो, एवढं करा. "मुठीत असं निघालं" असंच म्हणा. आन् कुणी म्हणालं, मागंबी खुपसा, तर हसू नका. खुपसा.